मरोद्याच्या क्वार्टरमधली आईची कॅसेट

भिलाईला कुणी फिरायला जात नाही. नातं नसतं तर मीही गेलो नसतो. पण मामांच्या मागे मामी मरोद्याचं कारखान्याचं क्वार्टर सोडून मुलाकडे वैशाली नगरला राहायला निघाली होती, आणि मामांनी कॅसेटवर भरून ठेवलेलं आईचं भीमगीत तिथेच होतं. आई जाऊन चार वर्षं झाली. तिचे फोटो पुष्कळ आहेत. आवाज तेवढा त्या एका कॅसेटवर.

शनिवारी सकाळी नागपूरहून गाडी पकडली. जाणार असाल तर आरक्षण आधीच करा, मी गोंदियापर्यंत उभा होतो. भिलाईच्या पॉवर हाउस स्टेशनबाहेर गरम चीला, म्हणजे तांदळाचं धिरडं, आणि टमाटरची चटणी मिळते, पोट भरतं आणि खिसाही हलका होत नाही. ऑटोचं भाडं मात्र बसण्याआधी ठरवा. मी ठरवलं नाही आणि चांगलाच कापला गेलो.

कॅसेटींचं काय करायचं, हे मामीनं महिन्यापूर्वी फोनवर विचारलं होतं. मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं होतं की विकतच्या देऊन टाक, ती गाणी सगळी फोनवर मिळतात. हातानं नावं लिहिलेल्या तेवढ्या ठेव. तिनं तंतोतंत तसंच केलं होतं, विकतच्या भंगारवाल्याला दिल्या होत्या. दुपारभर आम्ही त्या राहिलेल्या कॅसेटी मामांच्या टेपवर लावून पाहिल्या. रेडिओवरची गाणी, मधेच मामांचं खोकणं. आई कुठेच नाही. शेवटची कॅसेट संपली तेव्हा मामीचा चेहरा उतरला.

"त्या जयंतीले कोरी कॅसेट नोती, बाबू. तुह्या मामानं सिनेमाच्या कॅसेटीले चिकटपट्टी लावली, अन् त्याच्यावरच तुह्या मायचं गानं भरलं. तिसरं गानं अर्ध्यात कटे, अन् तिचा आवाज लागे."

विकतच्या कॅसेटची वरची खाच बुजवली की तिच्यावर पुन्हा भरता येतं. क्वार्टरमध्ये घरोघरी हेच चालायचं. मामांना तसं करताना मी स्वतः पाहिलं होतं आणि साफ विसरलो होतो. तरी वर तिलाच विचारलं, ती कावून देल्ली?

"तूच म्हनलं ना, सगळं फोनवर भेटते. मले वाटलं, हेबी भेटन."

मला तिच्याकडे बघवेना.

रविवारी मामेभावानं स्कूटरवरून भंगारवाल्याकडे नेलं. भंगारवाल्यानं आठवून सांगितलं, "डिब्बी गलाने जाती है भैया, रील तो हम फेंक देते हैं." भाऊ त्याच्याशी हिंदीत बोलत राहिला. मी तराजूशेजारच्या ढिगात उगाच हात घालून पाहिला. नुसत्या पाण्याच्या बाटल्या होत्या.

जेवायला थांब म्हणून मामीनं फार आग्रह केला. मी थांबलो नाही, याचंही आता वाईट वाटतं.

नागपूरला पोचल्यावर मामीनं सांगितलेलं सिनेमाचं नाव फोनवर टाकलं. सगळी गाणी क्षणात हजर, स्वच्छ, खरखर नाही. तिसरं लावलं आणि अर्ध्यापर्यंत श्वास रोखून बसलो. ते शेवटपर्यंत वाजलं.