उत्तम शुक्रवारची रजा

नगरजवळच्या फायरिंग रेंजवर आमच्या मॉर्टर प्लाटूनचा कॅम्प लागला तेव्हा मी हवालदार होतो. शेवगावकडचं माझं गाव तिथून एसटीनं दोन-अडीच तासांवर. इतक्या वर्षांच्या नोकरीत घराच्या एवढ्या जवळ कधी आलो नव्हतो.

युनिटमध्ये मला ‘पाद्री’ म्हणत. मी रम घेत नसे, शिवी देत नसे, पीटीआधी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत असे. पवित्र जगणं म्हणजे हेच, अशी माझी समजूत होती. हळूहळू सगळ्यांचीच झाली.

माझं काम लुकआउटचं. सुटलेला गोळा पडून फुटला का, हे पाहायचं. न फुटता जमिनीत रुतला तर त्याला ब्लाइंड म्हणतात. ब्लाइंड असेल तर रेंज बंद. तो उडवून टाकेपर्यंत लुकआउटनं जागा सोडायची नाही.

त्या गुरुवारी दुपारी फायरिंग संपत आलं होतं. दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे; त्याची मला रजा मिळाली होती. प्रभूनं वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर आमच्या गावच्या चर्चच्या मंडळीत सात जण बोलतात. पहिला, क्षमेचा उद्गार त्या वर्षी माझ्याकडे होता. आईनं सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं.

शेवटचा गोळा सुटला. दोन नंबर टार्गेटच्या डावीकडे थोडी धूळ उडाली. आवाज आला नाही. बाभळीवरचे बगळेसुद्धा उठले नाहीत.

शेजारी नाईक दत्तू होता. पाथर्डी तालुक्यातला, आईबाप ऊसतोडीला जाणारे.

“वाजला का रं शेवटचा?”

“वाजला. वारं उलटं आहे.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “तू म्हनतोस म्हंजी वाजला. दुसरं कुनी असतं तर सोता जाऊन बघितलं असतं.”

वायरलेस सेट खरखरला. “लुकआउट टू, रिपोर्ट.”

“ऑल राउंड्स एक्सप्लोडेड. रेंज क्लिअर. ओव्हर.”

“पाद्री बोल रहा है? फिर ठीक है. आउट.”

रेंजच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या लुकआउट वनला कुणी विचारलंच नाही.

शुक्रवारी टार्गेट दुरुस्तीला जवानांची पार्टी न्यायची पाळी खरं तर माझी होती. दत्तू म्हणाला, “जा पाद्री, पार्टी मी नेतो. येताना शेंगदान्याच्या पोळ्या आन. नुसता आशीर्वाद आनशील, चिकट्या!”

दोन नंबरच्या डावीकडे जाऊ नको, एवढं त्याला सांगायचं होतं. सांगितलं असतं तर का, ते विचारलं असतं. मी बॅग उचलली.

चर्चमध्ये मी क्षमेवर बोललो. चांगलं बोललो, बायका डोळे पुसत होत्या. चौथा माणूस बोलायला उभा राहिला आणि खिशातला फोन थरथरू लागला. थांबेचना. बाहेर येऊन घेतला. आमचा सीएचएम, कंपनी हवालदार मेजर होता.

“पाद्री, दत्तू गया. दो नंबर टार्गेट पे.”

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी पुन्हा तेच सांगितलं: सगळे गोळे फुटले होते. पाद्रीचा शब्द. निष्कर्ष निघाला की गोळा जुना असावा, आणि नाईक दत्तूनं जमीन न पाहता कुदळ चालवली. निष्काळजीपणा त्याचा ठरला.

पेन्शनवर आलो. मंडळीनं मला पंच केलं. घराघरांत पोरांना माझं उदाहरण देतात. 

यंदाच्या उपवासकाळात पाथर्डीकडे गेलो. दत्तूची आई दारात बसली होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं.

“त्यानं इचारलं हुतं तुला?”

“विचारलं होतं.”

“आन् तू वाजला म्हनलास.”

“हो.”

ती चौकट धरून उठली. मग म्हणाली, “गावात म्हनत्यात, दत्तू येंधळा हुता म्हनून मेला. त्याचा बाप हेच आयकत गेला. माफी-बिफी नंतर बघू. ऊठ, चावडीवर चल.”

मी तिच्या मागून गेलो. चावडीवर पाच-सात माणसं होती, पलीकडे पारावर आणखी काही. मी सावधान उभा राहिलो. 

“नाईक दत्तू निष्काळजी नव्हता,” मी म्हणालो. “त्यानं मला विचारूनच रेंजवर पाऊल टाकलं. खोटं मी बोललो.”

“मोठ्यानं बोल,” आई मागून म्हणाली. “पारावरच्यास्नी न्हाई आयकू गेलं.”