विमलताईंचं मोजलेलं पाणी

सोमवारी सकाळी मी नुकतीच ब्युरेट, ती थेंब मोजायची काचेची नळी, भरून स्टँडला लावली होती, तेवढ्यात कळंबहून फोन आला. विमलताईंच्या वडिलांचा, आबांचा. एरवी आबा फोनवर ओरडूनच बोलायचे. त्या दिवशी आवाज इतका खाली होता की मला पहिलं वाक्य ऐकूच आलं नाही. "काय म्हणालात आबा?" असं मी दोनदा विचारलं, म्हणजे ऐंशीच्या घरातल्या त्या माणसाला ते वाक्य दोनदा परत बोलायला लावलं. "विमल गेली गं... च्या ठेवला हुता, उठवाय गेलो तर..." त्या दिवशी विमलताईंच्या डायलिसिसची पाळी होती, दहापर्यंत त्या बारामतीला यायच्या होत्या. फोन ठेवल्यावर मी, का ते माहीत नाही, समोरचा दुधाचा नमुना तपासून पुरा केला, आकडा वहीत लिहिला आणि मग खाली फरशीवर बसले. याला आता सहा आठवडे झाले. खरं तर मला लिहायचं नव्हतं... पण आदल्या दिवशी, रविवारी, मी त्यांच्या घरी होते. त्या दुपारचं सांगितल्याशिवाय विमलताईंबद्दल काहीही चांगलं लिहिलं तर ते खोटं होईल.

बारामतीच्या एमआयडीसीतल्या आमच्या डेअरीच्या प्रयोगशाळेत त्या माझ्या वरिष्ठ होत्या. कळंबच्या बौद्ध कुटुंबातल्या, घरातल्या पहिल्या पदवीधर, आणि वडिलांना एकट्यानं सांभाळायचं म्हणून लग्न न केलेल्या. मी बी.एस्सी. करून आले तेव्हा टायट्रेशन मला येतं असा माझा समज होता. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातून ब्युरेट काढून घेतली. "खाली वाक. द्रावणाची पातळी डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे. उभ्यानं वाचलंस तर काच खोटं सांगते." दहा मिली दूध, त्यात रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे काही थेंब, आणि वरून ज्याची तीव्रता आपल्याला नेमकी माहीत आहे असा कॉस्टिक सोडा, थेंबथेंब. दुधातलं आम्ल संपलं की पुढच्या थेंबाला फिका गुलाबी रंग येतो आणि टिकतो. तिथं थांबायचं. किती सोडा लागला त्यावरून दूध किती आंबलंय ते कळतं. मला गडद रंग बघायची हौस. मी हमखास पुढं जायची. त्या न रागावता फ्लास्क मोरीत रिकामा करायच्या. "जास्त गेलेला थेंब परत काढता येत नाही, मनीषा. अंदाजानं वजा करू नकोस. पुन्हा पहिल्यापासून कर."

त्या कशा होत्या हे मला नीट कळलं ते शेळगावच्या दुधामुळं. मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. ताई आठ दिवस रजेवर होत्या आणि सोड्याचं द्रावण मी तयार केलं. डब्याचं झाकण उघडं राहून सोडा ओलसर झाला होता. मी वजन बरोबर केलं, पण त्या वजनात सोड्याबरोबर पाणीही मोजलं गेलं. द्रावण कमी तीव्रतेचं झालं. तसं द्रावण जास्त लागतं, आणि जास्त लागलं की चांगलं दूधही कागदावर आंबट ठरतं. तयार केलेलं द्रावण आधी ऑक्झॅलिक आम्लाशी ताडून बघायचं असतं. मी ते केलं नाही. बाकीची गावं कशीबशी मर्यादेत राहिली, पण शेळगावच्या एका संकलन केंद्राचं दूध उन्हातून येई, त्याचा आकडा आधीच काठावर असे. ते सलग तीन दिवस परत गेलं. केंद्रावर चर्चा झाली, शिळं दूध कोण मिसळतंय म्हणून. बोट तानुबाईंकडं गेलं. चार म्हशींवर एकटीनं घर चालवणारी बाई. तिचं दूध घेणंच केंद्रानं बंद केलं.

ताई परत आल्या, वहीतले आकडे बघितले आणि कुणाला काही न विचारता दहा मिली आम्ल मोजून घेतलं. दहा मिली सोड्याच्या आसपास रंग यायला हवा होता. तो बारावर आला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी रडायला लागले. "रडून तीव्रता वाढणार आहे का?" एवढंच त्या म्हणाल्या. मॅनेजर म्हणाले, झालं ते झालं, नवीन द्रावण करा, बाहेर बोलायची गरज नाही. त्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी मला घेऊन ताई एसटीनं शेळगावला गेल्या. तानुबाई गोठ्यात शेण काढत होत्या. ताई तिथंच चिखलात उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, तुमच्या दुधात खोट नव्हती. आमच्या द्रावणात होती." तानुबाईंनी हात धुतले, पदराला पुसले. "म्हंजी माजं दूध चांगलं हुतं?"

"चांगलं होतं."

"मंग ह्ये हितं म्हशींम्होरं काय सांगताय? तितं केंद्रावर चला. चार मानसांत सांगा."

आणि ताईंनी सांगितलं. संध्याकाळच्या धारेच्या वेळी, किटल्या घेऊन उभ्या असलेल्या बायाबाप्यांसमोर हात जोडून. "चूक प्रयोगशाळेची" म्हणाल्या; माझं नाव घेतलं नाही. पुढं प्रयोगशाळेचं प्रमुखपद त्यांच्याहून धाकट्या माणसाला मिळालं, त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकदा बोलले, "ताई, माझ्यामुळं..." तर म्हणाल्या, "तुझ्यामुळं नाही. मी बोलले म्हणून. बोलायचंच होतं."

दोन वर्षांपूर्वी त्यांचे पाय सुजायला लागले. रक्तदाब किती वर्षं वाढलेला होता कुणास ठाऊक. तपासणी झाली तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या होत्या. आबा डॉक्टरांपुढं सदरा वर करून उभे राहिले, "माजी घ्या." त्या वयाची घेत नाहीत हे त्यांना पटेना. दुसऱ्या कुणाच्या किडनीसाठी नंबर लावला. तो लागलाच नाही. आठवड्यातून दोनदा कळंब ते बारामती, चार तास मशीन, परत कळंब. लघवी बंद झाली आणि दिवसाचं पाणी ठरलं, सातशे मिली. चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यात. ताईंनी घरी काचेचं मोजपात्र आणून ठेवलं. सकाळी सातशे भरायचं आणि दिवसभर त्यातूनच घ्यायचं. उन्हाळ्यात दुपारी तीनलाच ते रिकामं व्हायचं. मग रात्रीपर्यंत त्या ओला रुमाल ओठांवर धरून बसायच्या. भाज्या उकळून ते पाणी फेकायचं, म्हणजे पोटॅशियम निघून जातं. केळ नाही, टोमॅटो नाही, शहाळं तर मुळीच नाही. या पथ्याचा कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलेला होता. रिपोर्ट त्या स्वतःच वाचायच्या. एकदा म्हणाल्या, "माझंच द्रावण झालंय बघ. पाणी वाढलं की छातीत भरतं, क्षार वाढला की काळीज थांबतं. मधे उभं राहायला जागाच उरली नाही गं..." मी काहीतरी धीराचं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. आयुष्यभर आकडे खरे वाचलेल्या बाईला मी खोटा आकडा सांगत होते आणि ते दोघींनाही कळत होतं.

त्या रविवारी आबांना तापातून उठून दोन दिवस झाले होते, म्हणून मी त्यांच्यासाठी दोन शहाळी घेऊन गेले. ते बाहेर ओट्यावर झोपले होते. ताई आत, कॉटवर. चेहरा सुजलेला, ओठांना भेगा. पिशवी बघून म्हणाल्या, "एक फोड."

"ताई, तुम्हाला नाही चालत."

"काय चालत नाही ते मला शिकवू नकोस. पन्नास मिली दे. मोजून."

मी मोजून पन्नास दिलं. त्यांनी ते कितीतरी वेळ तोंडात धरलं, डोळे मिटले. मग पेला पुढं केला. मी दारातून स्वयंपाकघराच्या भिंतीकडं बघितलं. कागद तिथंच होता. "उद्या मशीनवर जायचंच आहे," त्या म्हणाल्या, "निघून जाईल." मी ओतलं. या वेळी मोजलं नाही... तिसऱ्यांदाही नाही. शहाळं जवळजवळ रिकामं झालं. मला 'नाही' म्हणता आलं असतं. दोन वर्षं तहानलेल्या माणसाकडं बघून ते मला जमलं नाही, हे कारण आहे, पण त्यानं काही भागत नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी पांढऱ्या साड्यांच्या गर्दीत मी मागं बसले, बुद्धवंदना संपताच निघून आले. पाच आठवडे आबांचा फोन घ्यायची भीती वाटायची. शेवटी गेल्या रविवारी कळंबला गेले. ते एकटेच होते, भाकरी डाळीच्या कोरड्यासात बुडवून खात होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, मी उभ्यानंच बोलले. "आबा, त्या दिवशी मी ताईंना शहाळं दिलं. सगळं. कागद समोर होता तरी."

त्यांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता हे मला बाहेर जायला सांगतील. त्यांनी घास ताटात ठेवला. म्हणाले, "तू गेल्यावर दुसरं म्या दिलं."

मी खाली बसले.

"म्हनली, आबा, तुमचा ताप उतरलाय, तुमाला आता कशाला... म्याच कोयत्यानं फोडलं. उभ्यानं पिली सगळं. तोंड पुसलं आन् हसली. लय दिसांनी हसली बग. मला वाटलं, बरं वाटतंय पोरीला." त्यांनी ताट बाजूला सारलं. "डाक्टर म्हनतोय, अशा आजारात काळीज कवाबी थांबतं. पर तुमच्या लॅबमदी कळत आसंल की. कुनाच्या हातचं लागलं तिला?"

"नाही आबा. एकदा मिसळल्यावर नाही कळत."

"न्हाय कळत?"

"नाही."

त्यांनी तांब्यातल्या पाण्यानं हात धुतला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मंग निम्मं तुजं, निम्मं माजं," म्हणाले. मी मान हलवली. त्यांचं ताट उचललं, भांडी घासली, झाडलोट केली. निघताना ते वेशीपर्यंत आले आणि एसटी दिसेपर्यंत थांबले. बारामती येईपर्यंत मी खिडकीशी बसून ते निम्मं करून बघत होते. होईना. मला ते सगळंच माझं वाटत होतं... आणि तिकडं कळंबला, त्या रिकाम्या घरात, आबांना ते सगळंच त्यांचं वाटत असणार.