ज्ञानूच्या उकिरड्याचा तळ

गडहिंग्लजच्या बाजारात बैल बघत होतो, तेवढ्यात गावाकडचा माणूस भेटला. ज्ञानू गेला, ताप डोक्यात चढला, म्हणाला. खरं सांगतो, रडू नंतर आलं, आधी रागच आला. आमचं भांडण अर्धं राहिलं होतं... असा मधूनच उठून जातो का माणूस?

भांडण उकिरड्याचं. पंचगंगेकाठी ज्ञानूची नारळाची बाग माझ्या बांधाला लागून. तिला भुंगा लागला होता. हा काळा, शिंगवाला भुंगा शेंड्यात शिरून कोवळा कोंब खातो. कोंब गेला की झाड गेलंच. महाराजांच्या दरबारातून शेतकीचे कारकून आले, विषारी औषध सांगून गेले. ज्ञानूनं हात जोडले. ज्या झाडाचं पाणी बाळंतिणीला देतो, त्याच्या डोक्यात विष घालणार नाही म्हणाला. रोज सकाळी सळई घेऊन झाडावर चढायचा, भुंगे ओढून काढायचा, पानांच्या बेचक्यांत राख-मीठ भरायचा. इथवर शहाणा.

पण ते भुंगे जन्माला यायचे ह्याच्याच शेणखतात! उकिरडा उपसताना तळाचा थर हा पठ्ठ्या कधी काढायचा नाही. ते विरजण, त्याच्या आईनं लावलेलं. तळ खरवडला तर पुढचं खत मुरत नाही, असं त्यांच्या घरात चालत आलेलं. आणि नेमक्या त्या तळात बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या लोळायच्या. मी उकरून दाखवल्या.

"वर मारतोस आणि खाली पोसतोस व्हय रं?"

"आईचं हाय ते. ऱ्हाऊ दे की."

झालं! पालथ्या घड्यावर पाणी. विहिरीजवळची झाडं वाळली, तरी तेच. मी बोलणं टाकलं, तर संध्याकाळी हाच तंबाखू घेऊन बांधावर हजर.

परवा, त्याच्या माघारी घर ओढणाऱ्या त्याच्या बायकोनं, सखूवहिनींनी, उकिरडा उपसायला मला बोलावलं. आता त्यांचं पोट त्या बागेवर. आज तळ काढायचाच, असं ठरवूनच गेलो. तळाला फावडं लावलं आणि वहिनी आडव्या आल्या.

"भावजी, तेवढं ऱ्हाऊ द्या. त्येंचं विरजण हाय."

घ्या! एक गेला, तर दुसरं उभं. त्यांच्याकडं बघितलं आणि फावडं थांबवलं. पाटीभर ठेवतो म्हणालो. बाकी तळ उपसून उन्हात पसरला, पाटी घेऊन सावलीत बसलो आणि एकेक अळी वेचून कोंबड्यांपुढं टाकत राहिलो. दिवस कलला. पाटीत अळी म्हणून उरली नाही, तेव्हा ते खत खड्ड्याच्या तळाला पुन्हा पसरलं. वहिनींनी त्यावर ताजं शेण टाकलं. आता दर वैशाखात हे वेचत बसणं माझ्याच गळ्यात पडलंय, आणि शिव्या द्यायला तो नाही.