सरकारी पाय

मानसिंग पलटणीतून आपल्या गावी, पासलीला, परत आला ते १९२० साल होतं. जाताना दोन्ही पाय घरचे होते. येताना डावा पाय गुडघ्याखाली सरकारी होता. बसऱ्याकडच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं घरचा पाय नेला आणि सरकारनं बदली म्हणून हा लाकडी दिला. गुळगुळीत, पांढुरका, चामडी पट्ट्यांनी मांडीला आवळायचा, आणि खाली तपकिरी बूट. उजवा पाय मात्र गावातल्या सगळ्यांसारखा अनवाणी.

सुरुवातीला गाव माणसाला सोडून पायच बघायला येत होतं. शेजारच्या अंबूबाईंनी तर दार वाजवावं तसं त्यावर बोटांनी वाजवून पाहिलं.

"आत पोकळ हाय का रं?"

"न्हाई काकी, भरीव हाय."

"मंग बरं. उंदीर शिरायचं न्हाईत."

देवीच्या देवळात गुरव आडवा आला. पायातलं चामडं आत चालायचं नाही. बूट पायाला कायमचा ठोकलेला. मानसिंगनं पायरीवर बसून अख्खा पाय सोडला, वहाणांच्या रांगेत उभा करून ठेवला आणि भिंत धरून लंगडी घालत आत गेला. दर्शनाला आलेल्या बायका देवीचं सोडून त्या पायालाच हात जोडायला लागल्या.

हे सगळं त्यानं सोसलं. सोसेना ती लोकांची दया. पाण्याच्या तांब्याकडं हात केला की कोणीतरी तांब्या थेट तोंडाला लावायचं. उठायला लागला की दोघं बगलेत हात घालून असं उचलायचे की क्षणभर तो अधांतरी लोंबायचा. धाकटा भाऊ आनंदराव एकदा त्याला पाठुंगळी घेऊन ओढ्याकडं निघाला, तेव्हा मात्र त्याचं डोकं फिरलं. अंगणात उभं राहून त्यानं बायकोला, रतनबाईला, सगळ्यांदेखत बजावलं, "आजपास्नं म्या तोंडानं सांगितल्याबिगर मला कुणी हात लावायचा न्हाई. तू बी न्हाई!"

"बरं," रतनबाई म्हणाली. ती एकदा बरं म्हणाली की त्यापासून हलायची नाही. लग्नाला इतकी वर्षं होऊनही हे मानसिंगच्या ध्यानात आलं नव्हतं.

आषाढात भाताची लावणी निघाली. आनंदराव म्हणाला, "दादा, तुमी बांधावर बसून रोपांच्या मुठी द्या." मानसिंगनं धोतर खोचलं आणि खाचरात उतरला. पहिलं पाऊल घरच्या पायाचं, ते नीट पडलं. दुसरं सरकारी. ते बुटासकट गुडघ्यापर्यंत चिखलात गेलं आणि तिथंच राहिलं. त्यानं ओढून पाहिलं. चिखल नुसता आवाज करी, पाय सोडीना.

हाक मारली असती तर काम झालं असतं. पण अंगणातलं बोलणं अजून ताजं होतं. त्यानं दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि देखरेख सुरू केली.

"ती वळ वाकडी चाललीया! रोपं दाट लावू नगा!"

लावणीच्या बाया वाकून मागं मागं सरकत त्याच्यापर्यंत आल्या. त्यांच्यातल्या साळूबाईची पाठ त्याला धडकली.

"भावजी, बाजूला व्हा की."

"तुमी लावा माझ्या भोवतीनं. म्या हितंच हाय."

"ते दिसतंया," साळूबाई म्हणाली.

त्यांनी त्याच्या भोवतीनं लावलं. हिरव्या रोपांच्या मधोमध मानसिंग बुजगावण्यासारखा उभा राहिला. एक बगळा जवळ येऊन उतरला आणि त्याच्याकडं बघत सोबत म्हणून एक पाय वर घेऊन उभा राहिला.

दुपारी रतनबाई भाकरी घेऊन आली.

"अवं, या जेवायला."

"भूक न्हाई."

"बरं." तिनं बांधावर फडकं सोडलं. सुकटाच्या चटणीचा वास थेट खाचरात आला. सगळी जेवायला बसली. रतनबाईनं एकदा मान वर केली. "पाय रुतलाय का?"

"न्हाई."

"बरं."

मग पावसाची सर आली. इरली पांघरून सगळी बांधावर बसली. मानसिंग उघड्यावर भिजत देखरेख करत राहिला. शेवटी त्यानं खालच्या आवाजात हाक मारली.

"रतन."

"काय?"

"जरा हिकडं ये."

"कशाला? तोंडानं सांगा."

"...ओढ मला."

रतनबाईनं त्याचे हात धरले, तिच्या कमरेला आनंदराव लोंबकळला, त्याला साळूबाई, तिला बाकीच्या बाया. एक जोराचा हिसका बसला, पट्टे तुटले, मानसिंग बाहेर आला आणि पाय आत राहिला. अख्खी रांग चिखलात उताणी पडली. हसायची कोणाची छाती होईना.

डोळ्यांतला चिखल पुसत मानसिंगनं विचारलं, "पाय आला का?"

"न्हाई," रतनबाई त्याच्याखालून म्हणाली. "तुमीच आलाय. उठा आता, म्या दबलेय."

मानसिंगला हसू फुटलं. मग गावानंही इतके दिवस दाबून ठेवलेलं हसू मोकळं सोडलं. चिखल उपसून पाय काढला, बूट काही सापडला नाही. सगळ्यांत जास्त आनंद गुरवाला झाला.

पुढं गेनबा सुताराकडून त्यानं जांभळीचा पाय करून घेतला, खाली पाटासारखं रुंद पाऊल. त्यावर तो बदकासारखा चाले, पण चिखलात रुतत नसे. आणि तो मागायला शिकला. "काठी द्या. फकस्त काठी," असं नेमकं सांगे. लोकही मग काठीच देऊ लागले, त्याला उचलेनासे झाले.

वीसेक वर्षांनी गुंजवणे गावच्या भिमाचा उजवा हात किकवीच्या गुऱ्हाळात चरकात गेला. तो घराबाहेर पडत नाही असं कळलं, म्हणून मानसिंग मुद्दाम भेटायला गेला. ओसरीवर भिमाची आई, बाळाबाई, त्या मिशा फुटलेल्या गड्याला घास भरवत होती. डाव्या हातानं जेवलेलं तिला चालत नव्हतं.

मानसिंग शेजारी बसला. "भिमा, लोकास्नी काय कळत न्हाई बाबा. आपल्याला काय पायजे, काय नगं, ते आपणच तोंडानं सांगावं लागतं."

भिमानं घाईनं घास गिळला. "सांगू कसा, दादा? ही तोंड रिकामं ठेवतीया कुठं?"

आणि बाळाबाईनं पुढचा घास घातला.