होतं आणि व्हतं

अप्पा मारायचे.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून शाळेच्या ग्रुपवर त्यांचा हार घातलेला फोटो फिरतोय आणि खाली "गुरुजींनी आम्हाला घडवलं" सुरू आहे. म्हणून हे आधी लिहून टाकते.

निरगुडसरच्या पुढं आमचं छोटं गाव. तिथल्या मराठी शाळेत माझे वडील गुरुजी होते.

घरी अप्पा, शाळेत गुरुजी. वर्गात चुकून तोंडातून "अप्पा" गेलं तर मलाही छडी. छडी निरगुडीची. बांधावरून तोडून आणायचं कामही आमचंच.

त्यांचा एकच ध्यास. शुद्ध बोला.

"व्हतं" म्हटलं, हात पुढे. "न्हाई" म्हटलं, हात पुढे.

आता आमच्या गावात माणसं सोडा, म्हशीसुद्धा "व्हतं"मध्येच हंबरायच्या. त्यामुळे नव्वदच्या दशकातली आमची अख्खी तिसरी तळहात चोळत बसलेली असायची.

हौसा माझ्याच वर्गात. ती वर डोंगरातली, तळेघरच्याही वरची, आमच्या गावात मामाकडं राहायची. सकाळी आमच्याकडं दूध घालायची आणि तशीच माझ्याबरोबर शाळेत यायची.

अप्पाही तळेघरच्या वरचेच. पण हा विषय घरात कुणी काढायचा नाही. डी.एड.ला असताना त्यांच्या बोलण्याला पोरं हसायची, एवढं आजीनं एकदा आईला सांगितलेलं मी ऐकलं होतं.

एका सकाळी आजी तिकडून अचानक आली. डोक्यावर नाचणीचं गाठोडं, पाय धुळीनं माखलेले. अप्पा धावतच पुढे गेले.

"आये, गाडी न्हाई घावली व्हय? मंचरपासनं चालत आली व्हतीस का काय?"

हौसा दुधाची किटली घेऊन दारातच उभी होती. तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. तो हेल तिच्या डोंगरातला होता; परक्या गावात तिला घरचं माणूस सापडलं होतं.

त्याच दिवशी वर्गात अप्पांनी तिला उभं केलं. "एक वाक्य सांग."

"मामाच्या गोठ्यात वासरू व्हतं."

"होतं."

"व्हतं."

पोरं हसली. अप्पांनी छडी उचलली.

तेव्हा ती जे बोलली त्यात आगाऊपणा नव्हता, हे मी शपथेवर सांगते. ती आनंदानं बोलली.

"गुरुजी, सकाळी आजीला तुमीबी व्हतं म्हनला ना. तुमी आमच्या तिकडचंच हाय."

वर्ग पुन्हा हसला. या वेळी तिला नाही.

छडी मोडली. मग अप्पांनी हातानं मारलं.

हौसानं हात मागे घेतला नाही. पुढेच धरून ठेवला होता आणि रडत रडत म्हणत होती, "होतं गुरुजी. होतं. होतं."

मला लाज वाटली. तिची नाही. आपल्या बापाची लाज वाटू शकते, हे तोवर मला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी जेवताना अप्पा आजीला म्हणाले, "आई, भाकरी छान झाली होती."

आजीनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. म्हणाली, "बरं, पावणं."

त्यानंतर ते आजीशीही शुद्धच बोलले. तिचं आमच्याकडं येणं कमी झालं.

दुसऱ्या दिवशी दूध घालायला मामा आला. हौसा शाळेत आली नाही, ती कायमचीच. मामाला म्हशी राखायला कुणीतरी हवंच होतं, त्याला निमित्त मिळालं. पण ते दिलं आमच्या घरानं.

अप्पांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षात त्यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. हळूहळू थोडं परत आलं, ते मात्र आजीचं.

"पानी."

"नगं."

"आये कुठंय?"

शुद्ध एकही शब्द परतला नाही.

गुरुजी अंथरुणाला खिळलेत असं कळलं म्हणून हौसा बघायला आली. आता मंचरकडं तिचं सासर. पिशवीत माहेरचा तांदूळ आणला होता.

दारात सावली पडली तशी अप्पांनी विचारलं, "कोन व्हतं?"

हौसा उंबऱ्यातच थांबली. पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "होतं, गुरुजी. होतं म्हनायचं."

टोमणा होता का? मला कळलं नाही. तिलाही कळलं नसेल कदाचित.

अप्पांनी गोधडीतून डावा हात बाहेर काढला, तळवा वर केला आणि तिच्यापुढे धरला.

आम्ही छडीसाठी धरायचो तसा.

हौसानं त्या हाताकडं पाहिलं आणि माझ्याकडं वळली.

"ह्या हाताचं मी काय करू गं?"

मी मान खाली घातली.

शेवटी तिनंच तो हात उचलून गोधडीत ठेवला. चहाला थांबली नाही. गाडी चुकंल म्हणाली. त्या वेळेला गाडीच नसते, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

ग्रुपवरच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, गुरुजींनी तुमची जीभ वळवली हे खरं आहे. लिहा तुम्ही. मीही त्यांचीच आहे, इतकं नीट लिहितेय ते कुणामुळे.

पण मी श्रद्धांजली लिहायला घेते आणि ते पुढे धरलेले हात डोळ्यासमोर येतात. आधी तिचा, मग त्यांचा.

अप्पा, तुमी लई आठवता. आन् मला तुमची लाज वाटती.

हे असंच राहू दे. नमस्कार करते.