कोमेजण्याची व्याख्या

माणसाने कोणत्याही भाषेवर जीव टाकू नये, इतका आमच्या साडूंनी संगणकाच्या भाषांवर टाकला. मुंबईची नोकरी संपवून ते चौलला, आमच्या शेजारच्या सुपारीच्या वाडीत राहायला आले; प्रोग्राम लिहिणे मात्र सुटले नाही. सध्या कोणत्या भाषेत लिहिणे चालू आहे, हे त्यांच्या जेवणावरून कळे. सर्व काही आधी जाहीर करावे लागणारी भाषा असली, की ते म्हणत, "मी आता भात घेणार आहे. त्यावर आमटी येईल. दुसरे काही येणार नाही." थोडक्यात आटपणारी असली, की नुसते "मीठ" म्हणून हात पुढे करीत. आणि काहीही चालवून घेणाऱ्या भाषेच्या दिवसांत त्यांनी ताक बशीत ओतून घेतले होते. मेहुणी मला म्हणाली, "भावोजी, लग्न झालं तेव्हा ह्यांना मराठी येत होतं हो!"

त्यांचा एकच प्रोग्राम खरोखर उपयोगी पडला. आमच्या पाच वाड्यांत गोड्या पाण्याची विहीर एक. उन्हाळ्यात पंप कोणी केव्हा लावायचा, त्या पाळ्या तो ठरवी. भाषा जुनी, ढिली. मजकूर जेमतेम पानभर. चालता चालता तो थांबे आणि विचारी: कोणाची वाडी कोमेजली? मग साडू चपला घालून पाचही वाड्यांतून हिंडत, मान वर करून झाडे पाहत आणि परत येऊन एक नाव लिहीत. त्याची पाळी आधी. कोणी कधी हरकत घेतली नाही.

यंदा तरुण मंडळींना तो आपापल्या फोनवर हवा झाला. एकजण म्हणाला, "काका, उद्या तुम्ही नसलात तर आम्ही काय विहिरीला विचारायचं?" म्हणणे रास्त होते. साडूंनी कडक भाषा निवडली. तीत चूक आधीच पकडली जाते. पण जे स्पष्ट सांगितलेले नाही, ते तिला चालत नाही. सारे उतरले, ती एक ओळ उतरेना. "भाऊ, तिकडे 'बघून ठरवू' एवढं पुरत होतं," ते मला म्हणाले. "हिला कोमेजणं म्हणजे काय, ते आधी सांगावं लागतं."

त्यांनी देवळाच्या ओट्यावर सर्वांना बोलावून व्याख्या मागितली. तेथे घात झाला. एकाने पिवळी पाने धरली, दुसऱ्याने गळलेली फळे, तिसऱ्याने मातीची ओल. प्रत्येकाच्या व्याख्येत त्याचीच वाडी आधी बसत होती.

"तुम्ही खत घालत नाही, म्हणून तुमची पिवळी!"

"आणि पाळी नसताना तुझा पंप कोण चालवतं? भूत?"

साडू मान खाली घालून प्रत्येक अट टिपून घेत होते. प्रोग्राम पोथीएवढा झाला. त्यात एकही चूक नव्हती. तो सुरू झाला त्या आठवड्यात माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली, आणि मग तिघांनी आपापल्या वाडीत बोअर मारली. मी मारली नाही. त्याने फरक पडला नाही. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. खोलवर उपसा झाला, की तो आत येतो. वैशाखात विहीर मचूळ झाली.

मी म्हणालो, "साडूबुवा, जुना प्रोग्राम पुन्हा लावा."

"लावतो की. तो विचारील, मी नाव लिहीन. पण आता मानणार कोण?"

परवा सकाळी ते आले आणि माझ्या सुपारीखाली उभे राहून बराच वेळ वर पाहत राहिले. "हिला पाणी हवं," एवढेच म्हणाले. मी त्यांना ओटीवर बसवले. घरातून बायकोने चहा पाठवला. साखर नेहमीपेक्षा जास्त घातली होती, तरी खारटपणा लपला नव्हता. आम्ही दोघांनी तो संपवला. मग साडूंनी कप पुढे केला आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ताई, छान झालाय. अजून अर्धा चालेल."