रिकामा महिना

तावेंग्वाच्या आईला मी एकदा शहाणपण शिकवलं, ते आजतागायत माझ्या जिवाला खातंय.

हरारेच्या बाजारात आम्ही दोघी शेजारी बसायचो. ती सुकी मासळी विकायची, मी टोमॅटो. तिच्या मुलाने एका दुकानदाराचा खून केला आणि कोर्टाने त्याला फाशी सुनावली. खून त्यानेच केला, हे ती कधी नाकारत नसे. पोर जगावं, एवढंच तिला हवं होतं.

माझा मामा पूर्वी तुरुंगात पहारेकरी होता. फाशीचा दोर माणसाच्या वजनाप्रमाणे मोजतात, असं त्याच्याकडून ऐकलेलं. तेवढ्यावर मी अक्कल पाजळली. तिला म्हटलं, "त्याचं वजन ठरूच देऊ नकोस. एक महिना पोटभर जेवण घेऊन जा, एक महिना रिकाम्या हाताने. मग दोर मापणार कसा?"

चौदा वर्षं तिने ते पाळलं. एका महिन्यात मक्याचा घट्ट साद्झा, तळलेली मासळी, शेंगदाण्याच्या कुटातला पाला. पुढच्या महिन्यात नुसतं तोंड दाखवायचं. तुरुंगातल्या पातळ पेजेवर पोरगा वाळत गेला. भेटीच्या वेळी पहारेकरी कानाशी उभा, त्यामुळे कारण सांगायची सोय नव्हती. त्यानेही कधी विचारलं नाही. रिकाम्या महिन्यात भेटून आली की तीही जेवत नसे.

मग गेल्या साली, वर्ष संपता संपता, रेडिओवर बातमी आली. शेजारच्या झांबियाने फाशीची शिक्षा आधीच रद्द केली होती, आता आपल्या देशानेही केली. महिना रिकामा होता, तरी ती डबा भरून निघाली आणि मलाही ओढत घेऊन गेली.

तावेंग्वा डब्याकडे बघतच राहिला. आता लपवायचं काय, म्हणून तिने दोराचं, वजनाचं सगळं त्याला सांगितलं.

पहारेकऱ्याने ऐकलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "आजी, वजन फाशीच्या आदल्या दिवशी करतात," एवढंच म्हणाला.

तावेंग्वाने मासळीचा तुकडा उचलला होता, तो हातातच राहिला.

"मला वाटायचं, एका महिन्यात तू माझी आई असतेस," तो म्हणाला, "आणि दुसऱ्या महिन्यात त्या मेलेल्या दुकानदाराची."

"खा," ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये तिने माझा हात धरून ठेवला होता. मला ती एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.